पोहण्याच्या ट्रायलचे अंदाज: पहिला सोडा, दुसरा शोधा

सांगलीत कृष्णेवर पोहणाऱ्यांच्या गटांत ऑलिम्पिकच्या वर्षी अंदाजाचे कागद फिरतात. अमेरिकेच्या नि ऑस्ट्रेलियाच्या ट्रायलमधून, म्हणजे ऑलिम्पिकचा संघ निवडणाऱ्या स्पर्धेतून, कोण निघणार, यावर घाटापासून मिसळीच्या टेबलापर्यंत वाद चालतो. त्या कागदांवर सगळ्यांत जास्त दिसणारी चूक एकच. प्रत्येक शर्यतीपुढे एक नाव लिहिलेलं असतं, विजेत्याचं. ते बहुतेक वेळा बरोबरही येतं आणि माणूस खूश होतो. पण विजेत्याचं नाव ओळखायला फारसा अभ्यास लागत नाही. ट्रायलमध्ये खरा प्रश्न असतो दुसऱ्या जागेचा, कारण संघात दोघं जातात आणि तिसरा घरी बसतो.

पुढचे टप्पे दुसरं नाव डोळ्यासमोर ठेवून मांडले आहेत. क्रम बदलू नका. सहाव्या टप्प्यापासून सुरुवात केली, की हीट (सकाळची पहिली फेरी) बघून भारावलेला अंदाज तयार होतो. बहुतेकांचं तिथेच फसतं.

## तयारी: कागदावर काय काय हवं

एक वही किंवा मोबाइलमधली एक्सेल शीट पुरे. प्रत्येक शर्यतीसाठी एक पान ठेवा आणि त्यावर सात रकाने आखा: नाव, वय, एंट्री टाइम (नाव नोंदवताना दिलेला टाइम), तो टाइम कधीचा, कुठल्या तलावातला, गेल्या बारा महिन्यांतले तीन चांगले टाइम, आणि त्याच ट्रायलमध्ये त्याच्या इतर शर्यती किती. सातवा रकाना लोक गाळतात. तो गाळला तर तिसरा टप्पा करताच येत नाही.

घड्याळाचा हिशेबही आधीच लिहून ठेवा. अमेरिकेची २०२४ची ट्रायल जिथे झाली ते इंडियानापोलिस जूनमध्ये आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथली सकाळी अकराची हीट म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, आणि तिथली रात्री आठची फायनल म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेपाच. ऑस्ट्रेलियाची ट्रायल झाली ते ब्रिस्बेन आपल्या साडेचार तास पुढे आहे, त्यामुळे तिथली संध्याकाळी साडेसातची फायनल आपल्याकडे दुपारी तीनला होते. कागदावर तारीख टाकताना त्या देशाची टाका. नाहीतर एकाच फायनलला दोन तारखा पडतात आणि अंदाज शर्यतीआधी दिला की नंतर, यावरून भांडण होतं.

इशारा: पैसे लावू नका. हरणाऱ्याने मिसळ द्यायची किंवा भडंगाचा पुडा आणायचा, एवढ्यावर भागवा. पैसे आले की लोक अंदाज लपवतात, आणि मग चर्चेत काही जीव राहत नाही.

## १. आधी नियम, मग नावं

प्रत्येक देशाची निवडीची पद्धत वेगळी आहे. ती न वाचता केलेला अंदाज शर्यतीचा असतो, निवडीचा नसतो.

अमेरिकेत वैयक्तिक शर्यतीतून पहिले दोन जातात. त्यांनी जागतिक संघटनेने ठरवलेला ऑलिम्पिक पात्रता टाइमही दिलेला असावा लागतो. अमेरिकेतल्या पहिल्या दोघांना बहुतेक शर्यतींत तो अडसर ठरत नाही. १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये मात्र रिलेसाठी सहाव्या क्रमांकापर्यंतचे खेळाडू विचारात घेतात. या दोन शर्यतींच्या पानांवर दोन नव्हे, सहा नावं लिहा.

त्यातही एक मेख आहे. संघात पुरुष २६ आणि महिला २६, यापेक्षा जास्त जागा नाहीत. म्हणून रिलेतला पाचवा-सहावा, आणि कागदावर तर दुसरा आलेलाही, लगेच पक्का होत नाही. एकच खेळाडू दोन-तीन शर्यतींतून निवडला गेला, की तेवढ्या जागा वाचतात आणि मागचे आत येतात. शेवटच्या दिवसांत सहाव्या क्रमांकाचं कुटुंब दुसऱ्याच कुणाच्या तरी जिंकण्यासाठी टाळ्या वाजवत असतं, ते यामुळे.

ऑस्ट्रेलियातही दोघंच, पण तिथली संघटना स्वतःचा पात्रता टाइम ठरवते आणि तो जागतिक टाइमपेक्षा कडक असतो. त्यामुळे पहिला येऊनही जागा हुकू शकते. अशा देशांच्या पानावर आणखी एक रकाना हवा: ‘टाइम गाठेल का?’

आपल्याकडे एकाच ट्रायलवर सगळं ठरत नाही. थेट जागा हवी तर ठरलेल्या मुदतीत, मान्यता असलेल्या स्पर्धेत ‘ए’ टाइम, म्हणजे ऑलिम्पिकचा पात्रता टाइम, द्यावा लागतो. साजन प्रकाशने २०२१च्या जूनमध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लायमध्ये १:५६.३८ दिला, पात्रता टाइम १:५६.४८ होता. ‘ए’ टाइम गाठणारा तो पहिला भारतीय. श्रीहरी नटराजने त्याच स्पर्धेत १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५३.७७ दिला, हवा होता ५३.८५. तोही मूळ शर्यतीत नव्हे, टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे निव्वळ घड्याळाविरुद्ध पोहून. भारतीय खेळाडूंचा अंदाज बांधताना ‘कितवा येईल’ हा प्रश्नच लागू पडत नाही. तिथे ‘कधी, कुठे, किती’ विचारायचं.

तपासा: पानाच्या डोक्यावर लिहा, या शर्यतीतून किती जाणार आणि टाइमची अट आहे का. हे दोन्ही लिहून होईपर्यंत पुढे जाऊ नका.

## २. एंट्री लिस्ट वाचणं

ट्रायलच्या आधी सगळ्या शर्यतींची, टाइमच्या क्रमाने लावलेली एंट्री लिस्ट येते. नवशिका ती वरून खाली वाचतो आणि पहिली दोन नावं उचलतो. त्या यादीतला आकडा खरा असतो, पण तो कशाचा आहे हे आकड्यावर लिहिलेलं नसतं. चार गोष्टी तपासाव्या लागतात.

टाइम किती जुना? पात्रतेची मुदत मोठी असते, त्यामुळे वर्षभरापूर्वीचा टाइमही यादीत वर बसतो. यादीत पाचवा असलेला पण गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक स्पर्धेत सुधारणारा पोहणारा मला जुन्या टाइमवर दुसऱ्या जागी बसलेल्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो.

तलाव कुठला? ट्रायल ५० मीटरच्या तलावात होते. अमेरिकेतली कॉलेजं २५ यार्डांच्या तलावात पोहतात. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. मार्चमधल्या कॉलेज स्पर्धेचे आकडे थेट उचलून आणाल तर सगळं गणित बिघडेल. २५ मीटरच्या तलावाचंही तेच. अमेरिकेच्या ग्रेचेन वॉल्शने १०० मीटर बटरफ्लाय २०२४च्या डिसेंबरमध्ये बुडापेस्टच्या २५ मीटर तलावात ५२.७१ मध्ये पोहला. पाच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, ५० मीटर तलावात तिचा विश्वविक्रम झाला ५४.६० चा. पोहणारी तीच, अंतर तेच, दोन्ही वेळा विश्वविक्रम, आणि फरक जवळजवळ दोन सेकंदांचा.

हा फरक भिंतीमुळे पडतो. छोट्या तलावात वळणं जास्त, आणि प्रत्येक वळणानंतर पाय भिंतीवर मारून पाण्याखालून सुटायला मिळतं. फ्री, बॅक आणि फ्लायमध्ये १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहायची मुभा आहे. इथे आपल्या लोकांना एक खास अडचण येते. आयर्विन पुलाच्या आसपास नदीत पोहून तयार झालेली नजर हात बघते, श्वास बघते, प्रवाह कापायची ताकद बघते. नदीला भिंत नसते, त्यामुळे वळण हा प्रकारच त्या नजरेत नसतो. ‘याचा हात बघा कसा पडतोय’ म्हणत आपण ज्याला निवडतो, तो प्रत्येक वळणावर अर्धं अंग मागे पडत असतो. व्हिडिओ बघताना मुद्दाम दोनच जागा बघा: सूर मारल्यानंतरचे पहिले १५ मीटर, आणि वळणानंतर डोकं कुठे वर येतं ती जागा.

सुटण्याची पद्धत कोणती? रिलेतला दुसरा, तिसरा, चौथा पोहणारा समोरच्याचा हात भिंतीला लागताना आधीच झुकलेला असतो. म्हणून त्याचा टाइम स्थिर सुरुवातीपेक्षा साधारण अर्ध्या सेकंदाने, कधी त्याहून जास्त, चांगला दिसतो. ‘रिलेत सत्तेचाळीस दिला होता’ हे वाक्य ऐकलं की विचारा, कितव्या क्रमांकावर? पहिल्या क्रमांकावर पोहला असेल तरच तो टाइम वैयक्तिक म्हणून धरता येतो.

त्याने नंतर काय केलं? एकच भन्नाट टाइम आणि त्यानंतर वर्षभर त्याच्या आसपासही नाही, असा पोहणारा प्रत्येक यादीत असतो. म्हणूनच तीन टाइमचा रकाना ठेवला आहे. तिन्ही जवळजवळ असतील तर नाव भरवशाचं. एक चांगला आणि दोन सुमार असतील तर पुढे प्रश्नचिन्ह टाका.

तपासा: आता प्रत्येक पानावर पाच-सहा नावं उरली पाहिजेत. दोनच उरली असतील तर तुम्ही यादी वाचलेली नाही, नक्कल केली आहे.

## ३. वेळापत्रक आणि माघार

बडे खेळाडू चार-पाच शर्यतींत नाव घालतात, पण सगळ्या पोहत नाहीत. एका संध्याकाळी एका शर्यतीची फायनल आणि दुसरीची सेमी वीस मिनिटांच्या अंतराने असेल तर प्रशिक्षक एक सोडायला लावतो. असं नाव पाचव्या दिवशी गळलं, की त्या पानावरचा तिसरा एकदम दुसरा होतो.

दिवसवार वेळापत्रक घ्या, सातव्या रकान्यातली नावं त्यावर बसवा, आणि जिथे एकाच नावावर एका संध्याकाळी दोन खुणा पडतात तिथे गोल करा. गोल पडलेल्या नावाला तिथे पक्का धरू नका. ही त्याची मुख्य शर्यत आहे की सरावाची, हे त्याच्या गेल्या दोन-तीन मोठ्या स्पर्धांवरून कळतं.

माघार निवडीनंतरही होते. केटी लेडेकी २०२४च्या ट्रायलमध्ये २०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली, पण पॅरिसला तिने ती वैयक्तिक शर्यत घेतली नाही, फक्त रिले पोहली. जागा खालच्या क्रमांकाला गेली. म्हणून तुमच्या गटात आधीच ठरवा: गुण ट्रायलच्या निकालावर द्यायचे की अंतिम संघावर? आम्ही निकालावर देतो. संघ जाहीर होईपर्यंत इतक्या भानगडी होतात, की मिसळ शिळी होईल.

## ४. टेपरचा अंदाज

मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे पोहणारे रोजचं अंतर कमी करत आणतात आणि वेग टिकवतात. याला टेपर म्हणतात. अंगातला थकवा निघतो, शर्यतीच्या आदल्या दिवशी अंगावरचे केस काढतात, नवा स्पर्धेचा सूट चढवतात, आणि टायमिंग झपकन खाली येतं. त्यामुळे एप्रिल-मेमधल्या स्पर्धांचे आकडे वाचताना हा माणूस तेव्हा थकलेला होता की ताजा, हे विचारायलाच हवं.

इथे दोन प्रकारचे पोहणारे वेगळे काढा. ज्याची निवड जवळजवळ नक्की आहे, तो ट्रायलला पूर्ण ताजा होऊन येईलच असं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेची ट्रायल २३ जूनला संपली आणि पॅरिसचं पोहणं २७ जुलैला सुरू झालं, मध्ये पाच आठवडे. एवढ्या अवधीत दोनदा शिखर गाठणं अवघड, म्हणून खात्रीचे लोक थोडं राखून ठेवू शकतात. जो तिसऱ्या-चौथ्या जागेवर आहे त्याला ही चैन नसते. तो सगळा दारूगोळा ट्रायललाच वापरतो.

अंदाजात याचा उपयोग असा: पहिल्या नावापुढे त्याच्या सर्वोत्तमपेक्षा किंचित हळू टाइम लिहा, आणि दुसऱ्या जागेच्या उमेदवारांपुढे त्यांच्या सर्वोत्तमइतका किंवा त्याहून चांगला. लोक नेमकं उलटं करतात. नंबर एकला विश्वविक्रम देतात आणि बाकीच्यांना जुनाच टाइम.

इशारा: विश्वविक्रम ट्रायलला होतच नाहीत असंही समजू नका. २०२४ मध्ये ग्रेचेन वॉल्शने १०० मीटर बटरफ्लायच्या सेमीतच ५५.१८ चा विश्वविक्रम केला, आणि तीन दिवसांनी रीगन स्मिथने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये ५७.१३ चा. विक्रमाचा अंदाज द्यायचा तर वेगळ्या ओळीत द्या, निवडीच्या अंदाजात मिसळू नका.

## ५. पहिली यादी: हीटच्या आधी, सहीनिशी

आता नावं लिहायची. प्रत्येक शर्यतीला तीन: पहिला, दुसरा, आणि ‘दार ठोठावणारा’. पुढे प्रत्येकाचा अंदाजे टाइम. त्याच्या पुढे खात्री: पक्की, बरी, किंवा कच्ची. कागदाचा फोटो काढून गटात टाका, म्हणजे खाडाखोडीला वाव राहत नाही.

पहिलं नाव एका मिनिटात लिहा. उरलेला सगळा वेळ दुसऱ्या जागेला द्या. त्यासाठी एक युक्ती आहे: ‘दुसरा कोण येईल’ असं विचारू नका, ‘तिसऱ्याला दुसरा व्हायला काय घडावं लागेल’ असं विचारा. उत्तर ‘दोन दशांश सेकंद’ एवढंच असेल तर ती जागा कच्ची समजा.

१०० मीटर बटरफ्लाय, महिला, अमेरिका, २०२४. फायनलमध्ये वॉल्श ५५.३१, टॉरी हस्की ५५.५२, रीगन स्मिथ ५५.६२. दुसरी आणि तिसरी यांत दहा शतांश. स्मिथला या शर्यतीत जागा मिळाली नाही. महिन्याभराने पॅरिसमध्ये हस्कीने ५५.५९ मध्ये सुवर्ण घेतलं आणि वॉल्शला ५५.६३ मध्ये रौप्य मिळालं. म्हणजे ट्रायलमधल्या तिसरीचा टाइम पॅरिसला रौप्यपदकाचा होता. अशा पानावर ‘स्मिथ की हस्की’ याला ‘पक्की’ खात्री लावणारा माणूस एकतर फार मोठा जाणकार असतो किंवा त्याने पान उघडलेलंच नसतं.

आणखी एक भान ठेवा: आपल्या माणसाकडे मन ओढतं. कोल्हापूरचा वीरधवल खाडे पोहत होता तेव्हा आपल्या पट्ट्यात त्याच्यावर कुणी शंका घेत नसे. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर यांचं नाव निघालं की आजही छाती फुगते, आणि फुगायलाच हवी. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण त्यांनी आणलं. पण अंदाजाच्या कागदावर अभिमानाला रकाना नाही. आवडत्या खेळाडूचं नाव लिहिताना त्याचा टाइम दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. आमच्यात एक काका आहेत, ते ‘मला तो आवडत नाही, म्हणून मी त्याला आतच धरतो’ म्हणतात, आणि त्यांचे अंदाज बरे निघतात.

## ६. हीट बघताना

इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून.

पहिली गोष्ट, हीट जिंकण्याला काही अर्थ नाही. वरच्या एंट्री टाइमचे पोहणारे मुद्दाम शेवटच्या तीन हीटमध्ये वाटून टाकलेले असतात. पुढे जातात ते एकूण टाइमवर, साधारणपणे सेमीसाठी सोळा. हीट म्हणजे गावच्या जत्रेतली निकाली कुस्ती नव्हे, की समोरच्याला चीत केलं आणि फेटा बांधून घेतला. तिसऱ्या हीटमधला चौथा दुसऱ्या हीटच्या विजेत्याच्या वर असू शकतो.

दुसरी, जाणकार पोहणारा सकाळी फक्त आत जाण्याइतकंच पोहतो. शेवटच्या पंधरा मीटरला मान वर करून बाजूला बघतो, हात मोठे नि संथ करतो. याचा टाइम आठवा-नववा दिसला म्हणून त्याला खोडू नका. उलट जो सकाळी पूर्ण झोकून देऊन स्वतःचा सर्वोत्तम टाइम मारतो, त्याच्याकडे संध्याकाळसाठी काय उरलं आहे ते बघा.

पण मागे पडलेला प्रत्येक जण राखूनच पोहत असतो असं नाही. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकची १०० मीटर फ्रीस्टाइलची सुवर्णविजेती सिमोन मॅन्युएल २०२१च्या ट्रायलमध्ये सेमीतून नववी आली. फायनलला आठ जातात. ती दोन शतांशांनी राहिली. तिने राखून ठेवलं नव्हतं, शरीर साथ देत नव्हतं, हे तिने नंतर सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. त्याच स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी तिने ५० मीटर फ्रीस्टाइल एका शतांशाने जिंकली. एका वाईट सेमीवरून ज्यांनी तिला सगळ्या पानांवरून पुसलं, त्यांनी तिथे गुण गमावले.

मग हीटमध्ये बघायचं काय? स्प्लिट. १०० मीटरच्या शर्यतीचा पहिला ५० आणि दुसरा ५० वेगळे लिहा. सूर मारायचा फायदा पहिल्याच ५० ला असतो, त्यामुळे दुसरा ५० हळू असणारच. प्रश्न एवढाच, की किती हळू. दोघांचा एकूण टाइम सारखा असताना ज्याचा दुसरा ५० जास्त चांगला, त्याच्याकडे संध्याकाळी पहिल्या ५० मध्ये वाढवायला जागा आहे. ज्याचा पहिला ५० सुसाट आणि दुसरा कोसळलेला, त्याला सुधारायचं असेल तर अंगात दम आणावा लागेल, आणि तो एका दुपारीत येत नाही.

२०० मीटरला चारही ५० लिहा आणि तिसऱ्याकडे बघा. थकवा पहिल्यांदा तिथे दिसतो. ८०० आणि १५०० ला सेमी नसते, हीटवरून थेट फायनल. तिथे सकाळी बरेच जण सारख्या गतीने पोहून दम वाचवतात.

तपासा: हीटनंतर यादीत जास्तीत जास्त एक नाव बदला. दोन बदलावीशी वाटत असतील तर दुसऱ्या टप्प्यात काहीतरी सुटलं आहे; परत तिथे जा.

## ७. सेमी आणि लेन

२०० मीटरपर्यंतच्या शर्यतींना सेमी असते. त्यातून आठ जण फायनलला आणि टाइमप्रमाणे लेन मिळते: सर्वांत वेगवान चौथ्या लेनमध्ये, मग पाच, तीन, सहा, दोन, सात, एक, आठ. म्हणजे लेनवरूनच सेमीचा क्रम वाचता येतो. कडेच्या लेनमधला दुबळा असतो हा समज मात्र काढून टाका. तो सेमीत आठवा होता, एवढंच लेन सांगते.

आठव्या जागेवर दोघांचा टाइम शतांशापर्यंत सारखा आला तर त्यांना पुन्हा एकदा एकमेकांविरुद्ध पोहावं लागतं. त्या ज्यादा शर्यतीचा थकवा पुढच्या पानांवर जमा करा.

सेमीतला क्रम फायनलला जसाच्या तसा उतरवणं ही शेवटची मोठी चूक. २०२४, अमेरिका, १०० मीटर फ्रीस्टाइल पुरुष: सेमीत जॅक अॅलेक्सी ४७.०८, क्रिस गिलियानो ४७.२५. फायनलमध्ये गिलियानो ४७.३८ वर पहिला, अॅलेक्सी ४७.४७ वर दुसरा, केलेब ड्रेसेल ४७.५३ वर तिसरा. पहिले दोघंही सेमीपेक्षा हळू. संघातली जागा समोर दिसत असताना हात आखडतात, आणि मग शर्यत टाइमची न राहता स्पर्शाची होते. दुसऱ्या-तिसऱ्यात सहा शतांश. टोकियोत पाच सुवर्णं घेतलेल्या ड्रेसेलला इथे वैयक्तिक जागा मिळाली नाही, रिलेवर समाधान मानावं लागलं.

शतांशाचं दुःख आपल्याला अनोळखी नाही. २०१८च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलला वीरधवलचं कांस्य एका शतांशाने गेलं. एवढ्या फरकाचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. तिथे कागदावर ‘कच्ची’ लिहून मोकळं व्हायचं.

## ८. फायनलची यादी आणि गुण

फायनलच्या पाच मिनिटं आधीपर्यंत दुसरी यादी देता येईल असं ठेवा, पण तिचे गुण पहिल्या यादीच्या निम्मे. नाहीतर सगळे शहाणे सेमीनंतरच अंदाज देतील.

गुणांची आमची पद्धत साधी आहे. ट्रायलच्या निकालातलं पहिलं नाव बरोबर, एक गुण. दुसरं नाव बरोबर, तीन गुण. ‘पक्की’ लिहून चुकलात तर एक गुण वजा. ‘कच्ची’ लिहून बरोबर आलात तर वर काही नाही, कारण तिथे नशीब होतं. बरोबरी झाली तर टाइमच्या अंदाजात जो जवळ तो पुढे. दुसऱ्या नावाला तिप्पट गुण ठेवल्यापासून लोक याद्या वाचायला लागले. आधी नुसत्या जाहिरातीतल्या चेहऱ्यांवर भागत होतं.

## ९. ट्रायल संपल्यावर

ट्रायलचा कागद बंद करा आणि ऑलिम्पिकसाठी नवा कागद घ्या. जुनीच नावं त्याच क्रमाने पुढे ढकलू नका. लिडिया जेकोबी २०२१च्या ट्रायलमध्ये १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला लिली किंगच्या मागे दुसरी आली. टोकियोत तीच सतरा वर्षांची मुलगी १:०४.९५ मध्ये पहिली आणि किंग तिसरी. ब्रिस्बेनला २०२४ मध्ये एरिआर्न टिटमसने २०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम १:५२.२३ वर नेला; तिच्या मागे आलेली मॉली ओ’कॅलहन १:५२.४८ वर, म्हणजे तीही जुन्या विक्रमाच्या आत. पॅरिसला क्रम उलटला, ओ’कॅलहन सुवर्ण, टिटमस रौप्य. ट्रायलमधल्या दुसऱ्या नावावर एवढा वेळ का घालवायचा, असं कुणी विचारलं तर जेकोबी, हस्की आणि ओ’कॅलहन ही तीन नावं सांगा.

कागद मात्र फेकू नका. कोणत्या शर्यतींत ‘पक्की’ लिहून चुकलात त्यांवर खूण करा. बहुतेकांचा एक ठरावीक प्रकार सतत चुकतो. कुणी ब्रेस्टस्ट्रोकला जुन्या नावांना चिकटून राहतं, कुणी ५० मीटरला उगाच खात्री दाखवतं.

२०२८ साठी वहीत पानं वाढवावी लागतील. लॉस एंजेलिसला बॅक, ब्रेस्ट आणि फ्लाय या तिन्ही प्रकारांत ५० मीटरच्या शर्यती पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये येत आहेत, पुरुष आणि महिला मिळून सहा. या अंतराचे जागतिक स्पर्धांमधले टाइम भरपूर मिळतील. पण आजवर ते पोहणारे बरेच जण १०० मीटरवरच लक्ष ठेवून होते, त्यामुळे त्यांचे जुने ५० चे आकडे पूर्ण जोर लावलेले असतीलच असं नाही. या सहा पानांवर २०२५ नंतरचेच टाइम घ्या, आणि ट्रायलपर्यंत कुठल्याही नावापुढे ‘पक्की’ लिहू नका.